फाईल हरवली नव्हती, पत्ता बदलला होता
(कॉम्प्युटर नवा केल्यावर फोल्डर दिसेनासे झाले तर काय करावे)

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते, हुमणी आणि खोडव्याची निगा यांविषयी लिहितो. या वेळचा विषय उसाचा नाही, पण उसाच्या पाळीशी त्याचा थेट संबंध आहे. २०२५ च्या दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत आपल्या एका गट ऑफिसात जो घोळ झाला, त्याची चर्चा पारावर झाली, चहाच्या गाड्यावर झाली, आणि 'कारखान्याने नोंदी पुसल्या' इथपर्यंत गोष्ट गेली. नोंदी पुसल्या नव्हत्या. मग काय झाले होते, ते सविस्तर सांगणे आमचे काम आहे. शिवाय आता बऱ्याच सभासदांच्या घरी मुलांचा कॉम्प्युटर आहे. त्यात दुधाचे हिशेब, माती परीक्षणाचे अहवाल, सातबारे, पोरांचे दाखले साठवलेले असतात. जे गट ऑफिसात घडले ते उद्या आपल्या सोप्यातही घडू शकते.

प्रथम हकिकत. गट ऑफिसातील मशीन विंडोज १० वर चालत होते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. म्हणजे मशीन बंद पडत नाही, पण सुरक्षेची डागडुजी मिळेनाशी होते. हंगाम तोंडावर होता. गळीत सुरू झाल्यावर मशीनला हात लावायला कोणालाच सवड नसते, म्हणून आधीच विंडोज ११ चढवून घ्यावे असे ठरले. मेकॅनिक आला, त्याने संध्याकाळपर्यंत काम उरकले, मशीन झटपट सुरू झाले, सगळे खूश.

दोन दिवसांनी सकाळी लिपिकाने मशीन उघडले तर पडदा स्वच्छ. 'लागण नोंद' नावाचे फोल्डर नाही. डॉक्युमेंट्स उघडले तर तेही रिकामे. त्या फोल्डरात गटातील सर्व आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडव्याच्या नोंदी होत्या. लागणीची तारीख, जात, क्षेत्र, सगळे. तोडणीचा कार्यक्रम या तारखांवर बसतो. पंधरा दिवस मागेपुढे झाले तर वजनात आणि उताऱ्यात काय फरक पडतो, आणि उसाला तुरा आला म्हणजे सभासदाची झोप कशी उडते, हे आम्ही आपल्याला सांगायला नको.

लिपिक घाबरला. आम्हाला फोन करायच्या आधी त्याने एक गोष्ट केली. जुन्या जागी त्याच नावाचे नवे फोल्डर केले, त्यात त्याच नावाची कोरी एक्सेल फाईल केली, आणि त्या दिवशी आलेल्या नोंदी तीत घालायला सुरुवात केली. हेतू चांगला होता. पण तोडणी कार्यक्रमाची दुसरी एक फाईल होती, ती या नोंदीच्या फाईलमधून तारखा ओढून घेत असे. ती उघडल्यावर मशीनने विचारले, तारखा ताज्या करू का? लिपिकाने हो म्हटले. मशीनने इमानदारीने कोऱ्या फाईलमधून कोऱ्या तारखा आणल्या. एक्सेलमध्ये तारखेच्या रकान्यात शून्य आले की ते ००-०१-१९०० असे दिसते. म्हणजे आपल्या गटातील बहुतेक सर्व उसाची लागण ० जानेवारी १९०० रोजी झाली! तशी यादी छापली गेली आणि फळ्यावर लागलीसुद्धा.

आम्ही पोहोचलो तेव्हा फळ्यापुढे गर्दी होती. एक वयस्कर सभासद, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, काठी टेकून उभे होते. म्हणाले, "साहेब, माझा ऊस रानात हुबा हाय. तुमच्या डब्यात दिसंना म्हणून तोडायचा न्हाई का?" आम्ही यादी उतरवली. पण त्या क्षणी आबांना द्यायला आमच्याजवळ उत्तर नव्हते, हे कबूल करतो. आमचाही पहिला विचार हाच होता की बसा आता, चिटबॉयच्या वह्या घ्या आणि सगळ्या नोंदी पुन्हा घाला. तसे केले असते तर दिवाळी गेली असती आणि चुका झाल्या असत्या त्या वेगळ्याच.

फाईलचा पत्ता म्हणजे काय

कॉम्प्युटरमधली प्रत्येक फाईल एका पत्त्यावर राहते. इंग्रजीत त्याला पाथ म्हणतात. आधी डिस्कचे अक्षर, मग फोल्डर, त्यातले फोल्डर, आणि शेवटी फाईलचे नाव. मधे उलटी तिरपी रेघ. आमच्या नोंदीचा पत्ता असा होता:

सी:\युजर्स\गटऑफिस\डॉक्युमेंट्स\लागण नोंद\नोंद

सी हे तालुक्यासारखे, युजर्स हे गावासारखे, गटऑफिस हा गट नंबर, पुढे पोटहिस्सा, आणि शेवटी सरी. (सी पासूनच का सुरू होते, ए का नाही, असे आमच्या पुतण्याने विचारले होते. पूर्वी ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली असत, म्हणून हार्ड डिस्कला सी आले. फ्लॉपी गेल्या, अक्षर राहिले. आणि फोल्डरांची ही उतरंड मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये १९८३ साली आली.) तिरपी रेघ पत्त्यासाठी राखलेली असल्यामुळे फोल्डरला '७/१२' असे नाव देता येत नाही, मशीन नाकारते. '७-१२' लिहावे लागते. सातबाऱ्यांचे फोल्डर करायला बसलेल्या किती मुलांचा इथे गोंधळ होतो!

आता जुन्या सभासदांना एक गोष्ट आठवेल. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याखाली पुढे गावोगाव योजना राबवल्या गेल्या आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. विहीर तीच, बांधावरचे झाड तेच. पण बाबांच्या वेळचा कागद तलाठ्याकडे नेला की तो म्हणे, या नंबरची जमीनच नाही. जमीन कुठे गेली होती? कुठेच नाही. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घातला की सापडायची.

कॉम्प्युटर नवा केल्यावर बहुतेक वेळा हेच होते. फाईल असते, पण तिच्यावर जाणारी वाट जुन्या नंबराची असते. पडद्यावरच्या चित्रावर, म्हणजे शॉर्टकटवर, बोट दाबले की ते जुन्या पत्त्यावर जाते, तिथे कोणी नसते, आणि मशीन म्हणते सापडत नाही. शॉर्टकट ही फाट्यावरची पाटी आहे. पाटी काढली म्हणून गाव जात नाही, आणि पाटी असली म्हणून गाव तिथेच असेल असेही नाही.

आमच्याकडे पत्ता कसा बदलला

विंडोज ११ चढवताना मशीनने ईमेल मागितला आणि वनड्राइव्ह नावाची सोय चालू झाली. वनड्राइव्ह म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या दूरच्या गोदामात आपल्या फाइलींची प्रत ठेवणे. कित्येकदा ती सोय नीट न विचारताच सुरू होते. सुरू झाली की ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटोंचे फोल्डर आपल्या ताब्यात घेते. नुसती प्रत काढत नाही, फोल्डरांची जागाच बदलते. आमचा पत्ता झाला:

सी:\युजर्स\गटऑफिस\वनड्राइव्ह\डॉक्युमेंट्स\लागण नोंद\नोंद

मधे एक शब्द शिरला, बस्स. पडद्यावर सगळे पूर्वीसारखेच दिसत होते, म्हणून पहिले दोन दिवस कोणाच्या लक्षात आले नाही. पण तोडणी कार्यक्रमाची फाईल जुन्या पत्त्यावर नोंद शोधत राहिली. पुढे वनड्राइव्हची फुकटची ५ जीबी जागा भरली. पैसे भरा, जागा घ्या, असा संदेश वरचेवर येऊ लागला. लिपिकाने वैतागून ती सोय बंद केली. बंद करताच डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपल्या मूळ जागी परतले, पण रिकाम्या हाताने. फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरातच राहिल्या. याला मशीनची लबाडी म्हणावे की आमचे अज्ञान, ते आपण ठरवावे. आमचे मत विचाराल तर दोन्ही.

सापडली कशी, तेही सांगतो. लिपिकाला हात बाजूला घ्यायला सांगितले. एक्सेल उघडून अलीकडच्या फाइलींची यादी पाहिली. त्या यादीत प्रत्येक फाईलच्या नावाखाली तिचा पत्ता लिहिलेला असतो. त्यावरून जुना पत्ता कळला. मग 'धिस पीसी' उघडून उजव्या बाजूला वर शोधण्याची चौकट असते, तीत 'नोंद' एवढेच लिहिले. थोड्या वेळाने दोन फाइली समोर आल्या. नाव एकच. एक आजच्या तारखेची आणि अगदी किरकोळ आकाराची, दुसरी दोन दिवसांपूर्वीची आणि तिच्यापेक्षा कितीतरी भरगच्च. कोणती खरी, हे सांगायला कॉम्प्युटर इंजिनियर लागत नाही. पाचुंदा आणि मोळी यांतला फरक आपल्याला हाताला कळतो.

आम्ही लगेच उघडली नाही. आधी ती पेन ड्राइव्हवर घेतली. मग कोऱ्या फाईलचे नाव बदलून 'कोरी' केले, पुसली नाही, कारण तीत त्या दिवसाच्या दोन-तीन नोंदी होत्या. खरी फाईल जुन्या जागी आणून ठेवली. तोडणी कार्यक्रम उघडला आणि तारखा पुन्हा ओढल्या. ० जानेवारी गेली आणि जुलै-ऑगस्टच्या लागणी दिसू लागल्या. आबांचा को ८६०३२ आपल्या जागी होता.

दुसरी कारणे कोणती

सर्वांच्या घरी वनड्राइव्हमुळेच घोळ होईल असे नाही. आपल्या गावात ज्या चार-पाच तऱ्हा आम्ही पाहिल्या किंवा निस्तरल्या, त्या सांगतो.

मशीन नवे करताना नवे नाव, नवा ईमेल घालून नवे खाते उघडले जाते. मग पडदा नव्या खात्याचा असतो आणि जुन्याचे सामान जुन्या नावाच्या फोल्डरात पडून राहते. सी मध्ये जाऊन 'युजर्स' हे फोल्डर उघडावे. तिथे दोन-तीन नावे दिसली तर एकेक उघडून बघावे. मशीन परवानगी मागेल, 'कंटिन्यू' म्हणावे. इथे एक धोका मुद्दाम सांगतो, कारण तो गावात घडलेला आहे. मेकॅनिकने घाईत स्वतःचाच ईमेल घातला, तर त्या घरचे सातबारे, बँकेचे कागद, फोटो सगळे त्याच्या वनड्राइव्हमध्ये जाऊ लागतात. त्याच्या मनात काही नसेल. पण आपली तिजोरी दुसऱ्याच्या किल्लीने का लावावी? ईमेल आपलाच घालावा आणि त्याचा पासवर्ड घरात वहीत लिहून ठेवावा.

कधी मशीन सुरू होताना संदेश येतो की आपण तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये आला आहात. पडदा कोरा असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये विंडोज १० च्या एका दुरुस्तीनंतर असे पुष्कळांचे झाले. लोकांना वाटले सगळे गेले. प्रत्यक्षात युजर्स फोल्डरातच, नावापुढे काही अक्षरे किंवा आकडे जोडून, त्यांच्या फाइली शाबूत होत्या. अशा तात्पुरत्या पडद्यावर काहीही साठवू नये. बाहेर पडताच ते जाते. मशीन एक-दोनदा बंद करून सुरू करावे, तेवढ्यानेही पुष्कळदा जुळते.

विंडोजवर विंडोज चढवले की जुने विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात सी मध्येच ठेवले जाते. मेकॅनिकने 'काही ठेवू नका' असे निवडले असेल, तर आपल्या फाइली त्यातल्या युजर्समध्ये सापडण्याची आशा असते. मात्र हे फोल्डर साधारण १० दिवसांनी मशीन आपणहून काढून टाकते. तेव्हा 'बघू सुगी झाल्यावर' म्हणून चालत नाही. फाईल दिसत नाही असे कळले की त्याच दिवशी बघावे. डिस्क पूर्ण कोरी करून, म्हणजे फॉरमॅट करून विंडोज घातले असेल, तर हे फोल्डर नसतेच.

जुनी हार्ड डिस्क काढून वेगवान एसएसडी बसवली जाते, हेही हल्ली फार चालते. अशा वेळी आपला माल जुन्या डिस्कवर असतो आणि जुनी डिस्क दुकानात! ती मागून घ्यावी, ती आपली आहे. ती जोडली आणि पूर्वी डी असणारी आता ई किंवा एफ झाली, तर जुने पत्ते चालत नाहीत. विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मधून तिला पुन्हा डी अक्षर देता येते, आणि एवढे केले की सगळ्या वाटा आपोआप जुळतात. फक्त त्या पडद्यावर 'फॉरमॅट' किंवा 'इनिशिअलाइझ' असे विचारले तर चुकूनही हो म्हणू नये. सी चे अक्षर बदलू नये. नवी मशिने डिस्कला कुलूपही लावतात, त्याला बिटलॉकर म्हणतात. ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की ४८ आकड्यांची किल्ली मागते. ती किल्ली ज्याच्या ईमेलने मशीन सुरू केले त्याच्या खात्यात असते. म्हणून ईमेल आपला हवा, हे पुन्हा सांगितले.

दोन मशिने तारेने किंवा वायफायने जोडलेली असतील तर आणखी एक भानगड. विंडोज कोरे घातले की मशीनला नवे नाव मिळते, 'डेस्कटॉप' आणि पुढे काही अक्षरे-आकडे. दुसरे मशीन जुन्या नावाने हाक मारत राहते, ओ कोण देणार? मशीनचे जुने नाव परत दिले आणि फोल्डर पुन्हा सामाईक केले की बहुधा काम होते.

काही सभासद विचारतात, फाइली खरोखर पुसल्या गेल्या असे कधी झालेच नाही का? झाले आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची जी मोठी सुधारणा आली, तिने काही लोकांच्या फाइली खरोखरच काढून टाकल्या. ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसऱ्या जागी हलवले होते पण काही फाइली जुन्या जागी राहू दिल्या होत्या, त्यांचे जुने फोल्डर निरुपयोगी समजून पुसले गेले. कंपनीला ती सुधारणा थांबवावी लागली आणि नोव्हेंबरात दुरुस्त करून पुन्हा द्यावी लागली. असे झालेले लोक संख्येने थोडे होते. पण ज्याचे गेले त्याला त्या थोडेपणाचा काय उपयोग? सबब, आपल्या प्रतीवाचून कंपनीच्या भरवशावर राहू नये.

शोधताना पाळायची पथ्ये

पहिले पथ्य, हरवलेल्या नावाची नवी फाईल करू नये. आमच्या लिपिकाची चूक हीच होती, आणि ती आम्हीही केली असती. जुनी वाट अडखळली होती तोवर तोडणी कार्यक्रमात पूर्वीच्या तारखा टिकून होत्या. कोरी फाईल समोर आली म्हणून त्या गेल्या. वाट मोडली तर माणूस थांबतो. चुकीच्या घरी पोहोचली तर तो आत जाऊन बसतो.

दुसरे, फाईल खरोखरच पुसली गेल्याचा संशय असेल तर मशीनवर नवे काही घालू नये, गाणी उतरवू नयेत, पुन्हा विंडोज तर नकोच. पुसलेली फाईल लगेच नाहीशी होत नाही, तिची जागा मोकळी म्हणून लिहिली जाते आणि तिच्यावर दुसरे पीक घेतले की संपली. जुन्या हार्ड डिस्कवर अशी फाईल जाणकार माणूस काढू शकतो. एसएसडीवर मात्र मोकळी जागा मशीनच झाडून साफ करते, तिथे आशा कमी. आधी रीसायकल बिन बघावी. वनड्राइव्ह वापरात असेल तर त्याची निराळी बिन असते, घरगुती खात्यात तिथे ३० दिवस माल राहतो.

शोध घेताना नाव जसे लिहिले होते तसेच लिहावे लागते. 'नोंदी' आणि 'नोंदि' मशीनला वेगळे. शुद्धलेखनाचा असा दंड शाळेतही झाला नव्हता! म्हणून नावाचा छोटा तुकडाच लिहावा. नावच आठवत नसेल तर फुली, टिंब आणि फाईलच्या जातीची अक्षरे लिहावीत. एक्सेलची असेल तर एक्सएलएसएक्स, फोटो असेल तर जेपीजी. त्या जातीच्या सर्व फाइली येतात, त्या तारखेने लावून घ्याव्यात. तरी न दिसली तर फोल्डरच्या खिडकीत वर 'व्ह्यू', त्यात 'शो', त्यात 'हिडन आयटेम्स' यावर खूण करावी, म्हणजे लपलेले फोल्डरही दिसतात.

वनड्राइव्हच्या फाईलपुढे ढगाचे चित्र असेल तर ती आपल्या मशीनवर नाही, दूरच्या गोदामात आहे. रेंज असेल तर उघडते, नसेल तर नाही. आपल्याकडे पावसाळ्यात रेंजची काय तऱ्हा असते ते आपण जाणता. महत्त्वाच्या फोल्डरवर उजवे बटण दाबून 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस' हे निवडावे, म्हणजे प्रत घरीही राहते. हिरव्या गोलात बरोबरची खूण आली की समजावे, माल घरात आला.

मोडलेली वाट एक्सेलमध्ये जुळवायची असेल तर 'डेटा' या सदरात 'एडिट लिंक्स' असते. नव्या एक्सेलमध्ये त्याला 'वर्कबुक लिंक्स' म्हणतात. तिथे 'चेंज सोर्स' दाबून फाईलची नवी जागा दाखवायची, की सगळ्या तारखा एकदम जुळतात. एकेका रकान्यात जाऊन पत्ता बदलत बसू नये. आमच्या ओळखीच्या एका दूध संस्थेत तसे बसले होते, दोन रात्री गेल्या. आणि एक, पत्ता फार लांब करू नये. विंडोजच्या पुष्कळ कामांत साऱ्या पत्त्याला मिळून साधारण २६० अक्षरांची मर्यादा पडते. फोल्डरात फोल्डर, त्यात 'आडसाली लागण नोंदी अंतिम सुधारित नवीन' अशी नावे, आणि त्यात वनड्राइव्हचे नाव वाढले की काही फाइली उघडेनाशा होतात. 'अंतिम सुधारित' या नावाच्या फाईलनंतर 'अंतिम सुधारित २' निघाली नाही असे आमच्या पाहण्यात नाही.

आता गट ऑफिसात काय केले आहे

नोंदीची फाईल डॉक्युमेंट्समधून काढून डी डिस्कवर 'ऊस' या एकाच फोल्डरात ठेवली आहे, म्हणजे खाते बदलले किंवा वनड्राइव्ह सुरू झाले तरी पत्ता हलणार नाही. हा पत्ता जाड अक्षरांत लिहून मशीनजवळ भिंतीवर लावला आहे. दर शनिवारी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली जाते आणि ती डिस्क मशीनपासून सोडवून शेतकी ऑफिसच्या कपाटात जाते. प्रत घेतल्यावर ती उघडून बघायची, असे लिपिकाला बजावले आहे. न उघडलेली प्रत म्हणजे न उगवलेले बेणे, डोळा बघितल्याशिवाय भरवसा धरू नये. यापुढे मशीन बदलण्यापूर्वी दोन प्रती घेतल्याखेरीज मेकॅनिकला हात लावू देणार नाही. आणि हंगामाच्या तोंडावर हे काम पुन्हा काढणार नाही. ती चूक लिपिकाची नव्हती, आमची होती.

त्या कोऱ्या फाईलमधल्या दोन-तीन नोंदी चिटबॉयच्या वहीवरून ताडून खऱ्या फाईलमध्ये घातल्या. त्याखेरीज सर्व गटाच्या तारखा आम्ही वह्यांशी एकदा पडताळल्या. त्यात कॉम्प्युटरशी संबंध नसलेल्याही काही जुन्या चुका सापडल्या. एका सभासदाच्या खोडव्याची तारीख लागणीची म्हणून लागली होती, एकाची फुले २६५ ही जात ८६०३२ म्हणून. म्हणजे घोळ झाला नसता तर या चुका तोडणीपर्यंत कोणाला दिसल्या नसत्या.

या सर्वांत ज्या कागदाने आम्हाला सर्वांत जास्त मदत केली, तो होता आपल्या हातातील नोंद पावती. आबा दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते टोपीच्या घडीतून पावती काढूनच. तारीख, क्षेत्र, जात, आणि आमच्याच चिटबॉयची सही. आम्ही पडद्यावरची तारीख आणि ती पावती शेजारी धरून त्यांना दाखवली. त्यांनी दोन्हींकडे बघितले, पावती पुन्हा टोपीत घातली आणि म्हणाले, "हिची परत न्हाई काढत?" आम्ही काढून दिली.

तरी ज्या सभासदांनी चालू नोंदीची पावती अद्याप नेलेली नाही, त्यांनी ती गट ऑफिसातून घ्यावी. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती घेऊन कोणत्याही कामाच्या दिवशी यावे व पडद्यावरील तारीख, क्षेत्र आणि जात स्वतः बघून जावे. लिपिकास तशा सूचना आहेत. घरच्या कॉम्प्युटरची अडचण असेल तर मुलांना दुपारी तीननंतर पाठवावे, आम्ही असलो तर बघू. मात्र घरचा पेन ड्राइव्ह गट ऑफिसच्या मशीनला लावण्याचा आग्रह कोणी धरू नये. नोंदीचे मशीन आहे, व्हायरस शिरला तर हा लेख आम्हाला पुन्हा लिहावा लागेल.